पुलांच्या तपासणीच्या जुन्या नोंदींवरून पुढची दुरुस्ती कधी लागेल, हे कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की दीडशे पुलांचं वय आणि तपासणीतले गुण (0 ते 9, 9 म्हणजे नवाकोरा) यांचा आलेख काढला, तर जुने पूल नव्यांपेक्षा बरे दिसतात. कारण सरळ आहे: नोंदींत दुरुस्तीचा रकानाच नाही. मध्येच डेक (ज्यावरून वाहनं जातात तो स्लॅब) नवा टाकलेला पूल तुमच्या तक्त्यात वय 40, गुण 8 असा बसलाय. आणि अगदी मोडकळीस आलेले पूल पाडले गेले, ते यादीत उरलेच नाहीत.

म्हणून वयाचा नाद सोडा आणि लागोपाठच्या दोन तपासण्यांच्या जोड्या लावा. डेक, गर्डर (डेकखालच्या तुळया), पियर (पुलाचे खांब) यांचे गुण वेगवेगळे ठेवा. जिथे गुण वाढलेत तिथे कामाची बिलं बघा. डेक बदलला असेल तर त्याचं वय शून्यापासून मोजा. नुसती ठिगळं लावली असतील तर नाही. काम झालंच नसेल तर बहुधा तपासणारा बदललाय. 7, मग 6, पुन्हा 7 अशी नोंद असेल तर दोन्ही बदल एकदम पुसा. फक्त वाढलेली जोडी काढून टाकली आणि घसरलेली ठेवली, की पूल आहेत त्यापेक्षा भराभर खराब होताना दिसतात. ही चूक सर्रास होते.

आता गणित. गुण 7 असलेल्या 100 डेकांपैकी दोन वर्षांनी 90 तिथेच राहिले, 10 सहावर आले. मग एका वर्षात टिकण्याची शक्यता 0.90 चं वर्गमूळ, म्हणजे 0.949. (0.95 धरलं तरी चालतं, पण 10 ला दोनाने भागायची सवय नको; घसरण मोठी असली की उत्तर चुकतं.) पाच वर्षांनी 77 डेक सातवर उरतील, 23 खाली येतील. निम्मे घसरायला साधारण 13 वर्षं. हीच मार्कोव्ह साखळी: पुढचा गुण फक्त आजच्या गुणावरून ठरतो असं धरणारी पद्धत.

तिची खोट अशी की तिला आठवण नसते. काल सातवर आलेला आणि 15 वर्षं सातवर रखडलेला डेक तिला सारखेच. नोंदी पुरेशा असतील तर प्रत्येक गुणावर काढलेल्या वर्षांना वायबुल वितरण (एखादी गोष्ट किती काळ टिकते याचं सांख्यिकी सूत्र) बसवा. मात्र अजून न घसरलेले पूल 'अपूर्ण' म्हणून हिशेबात ठेवा, वगळले तर आयुष्य उगाच कमी येतं. खाडीकाठचे आणि घाटमाथ्यावरचे पूल एका गटात टाकू नका.

हे मॉडेल 'किती पूल घसरतील' ते सांगतं, 'कोणता' ते नाही. कोणता हे जागेवर कळतं. काँक्रीट ताजं फोडून फिनॉल्फथॅलिन (रंग बदलणारं रसायन) फवारा. गुलाबी होईल तो भाग शाबूत, रंग न येणारा थर कार्बोनेट झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं बदललेला; तो सळईपर्यंत पोचला की ती गंजू लागते. ती खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 16 वर्षांत 20 मिमी गेली असेल, तर 40 मिमी कव्हरच्या (सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या) सळईपर्यंत 64 व्या वर्षी पोचेल आणि 30 मिमीच्या सळईपर्यंत 36 व्याच. कव्हर 10 मिमी कमी, तर 28 वर्षं गेली! खाऱ्या हवेत यावर विसंबू नका, तिथे काँक्रीटमधलं क्लोराइड (सळई गंजवणारा मिठातला घटक) मोजा. एक्स्पान्शन जॉइंट (डेकच्या तुकड्यांमधली सांध्याची फट) गळत असेल तर त्याखालचं गर्डरचं टोक आणि बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो तो आधार) आधी बघा.

पाया खरवडला जाणं, म्हणजे पाण्याच्या ओढीनं पायाजवळची माती वाहून जाणं, यातलं कशातच बसत नाही. महाडचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. असा धोका गुणांच्या घसरणीवरून कळत नाही. नदीतल्या पुलांची वेगळी वही करा आणि दर पावसाळ्यानंतर पियरभोवती तळ किती खोल गेलाय ते मोजून लिहा.