गाव विलीन झालं, पण महापौर शिल्लक!

प्रश्न : माझी मुलगी फ्रान्समध्ये नॉर्मंडीत, लिव्हारोजवळच्या एका खेड्यात राहते. ते गाव 2016 साली मोठ्या पालिकेत गेलं. आमची शाहूपुरीही 2020 साली सातारा नगरपालिकेत गेली. ग्रामपंचायत गेली, सरपंचही गेले. लेकीच्या गावाला मात्र अजून महापौर आहे म्हणते. हे कसं? आणि नातवाला गोधडी पाठवायची आहे, पत्त्यात गाव कुठलं घालू?
– एक आजी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजी, लेक बरोबर सांगतेय. 1 जानेवारी 2016 ला लिव्हारो धरून 22 कम्यून (म्हणजे तिकडच्या गाव-पालिका) एक झाली. नवं नाव लिव्हारो-पेई-दोज. तिकडे खेडं असो की पॅरिस, दोन्ही कम्यूनच. अशी 35 हजारांच्या घरात आहेत, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी पाचशे माणसंही नाहीत. म्हणून 2010 साली विलीनीकरणाचा नवा कायदा झाला, 2015 साली अनुदानाचं गाजर आलं.

आपल्याकडे हद्दवाढीला लोकांच्या हरकती मागवतात, निर्णय सरकारचा. तिकडे आधी गावोगावच्या परिषदा ठराव करतात. सगळ्यांचं जमलं नाही तर मतदान घ्यावं लागतं. जुनं गाव 'कम्यून देलेगे' (अधिकार सोपवलेलं कम्यून) म्हणून नावासकट राहू शकतं. त्याला आपला महापौर आणि छोटी कचेरी. जन्म-मृत्यूची नोंद, लग्न तिथंच. पण स्वतःचं अंदाजपत्रक नाही, कर लावायचा अधिकार नाही. घरपट्टीचे दर सगळीकडे एक करायला 12 वर्षांपर्यंत मुभा असते. तेवढा दिलासा शाहूपुरीकरांनाही आवडला असता.

मी पाटण तालुक्यात ग्रामसेवक होतो, म्हणून माझी नजर दुसरीकडेच जाते. आपल्या गट ग्रामपंचायतीत प्रभाग असतात, त्यामुळं वाडीचा माणूस बहुतेक आत असतोच. फ्रान्सच्या अशा पालिकेत उमेदवार सबंध पालिकेच्या यादीवरून निवडून येतात. सुरुवातीला जुने सदस्य सगळे बसू शकतात, पुढच्या निवडणुकीनंतर जागा घटतात आणि लहान गावाचा सदस्य निवडून येईलच असं नाही. तो महापौर बोर्डावर शोभतो, पण मतं मोजताना कामाला येत नाही, असं माझं मत.

आता गोधडी. एकाच नावाचे रस्ते अनेक गावांत निघाल्यानं काही ठिकाणी रस्त्यांची नावं बदलली आहेत, तेव्हा लेकीकडून ताजा पत्ता मागवा. रस्त्याच्या खाली जुनं गाव, शेवटच्या ओळीत पिनकोड आणि नव्या पालिकेचं नाव घाला.