पांढरीतलं खापर अर्जात येऊ दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुरातत्त्वाच्या प्रवेशासाठीचा तुझा कच्चा अर्ज दोनदा वाचला. पहिलं अर्धं पान डेक्कन कॉलेजच्या इतिहासातच गेलंय. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात निघालेली पाठशाळा, टिळक-आगरकर तिथले विद्यार्थी, १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलेलं कॉलेज. सगळं बरोबर आहे. पण अर्ज वाचणारी माणसं रोज त्याच आवारात वावरतात, त्यांना हे तू कशाला सांगायचं? पुरातत्त्वच का आणि तिथेच का, हे मला पान उलटूनही सापडलं नाही.

दहावीत असताना तू रुमालात बांधून एक खापर आणलं होतंस, आठवतं? तांबडं, वर काळ्या तिरप्या रेघा. टिचकी मारली तर धातूसारखं खणकन वाजलं. जोर्वे संस्कृतीची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शेतकरी वस्त्यांची, भांडी अशीच कडक भाजलेली, तीन हजार वर्षांपूर्वीची. ते जिथे सापडलं त्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला तुझे आजोबा पांढर म्हणतात आणि तिथली माती गाड्या भरभरून शेतात टाकायचे, हेही तूच सांगितलंस. मग हे अर्जात का नाही?

तुमच्याच घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून कितीतरी हंगाम उत्खनन केलं. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सगळ्यांना आठवतो. मला मात्र तिथला पाट मोठा वाटतो. पुराचं पाणी वळवायला त्या लोकांनी पाट खोदला, बांध घातला. पुढे पाऊस कमी होत गेला, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. जळक्या दाण्यांवरून, जनावरांच्या हाडांवरून असे निष्कर्ष काढतात, आणि दाणे नि हाडं ओळखायला शिकवणारा विभाग तिथे आहे. तू टँकरची वाट बघत वाढलीस. आपल्या खोऱ्यातल्या माणसांनी आधीचे दुष्काळ कसे काढले, हे तुला शोधायचंय. परवा माझ्या ओट्यावर बसून तासभर हेच तर बोलत होतीस! तेच लिही, त्याच शब्दांत.

अर्ज पाठवायच्या आधी एकदा येरवड्याला कॉलेजात जाऊन तिथलं संग्रहालय बघ. मी तुझ्या वयात एका संस्थेत न बघताच अर्ज केला होता. मुलाखतीत विचारलं, "इथे येऊन काय काय पाहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती शांतता मला अजून बोचते.

आणि हो, पांढरीतून आता काहीही उचलू नकोस. जागा कळली नाही तर खापरावरून फारसं काही सांगता येत नाही.

रविवारी दुपारी नवा कागद घेऊन ये. ते खापरही आण, आजोबांना विचारून डबीवर गट नंबर लिहून ठेवू.

तुझे सर