मामांची शिशाची फौज अन् पांढरी भुकटी

प्रश्न: माझे मामा ऐंशीच्या दशकात नोकरीसाठी इंग्लंडला होते, तिथून त्यांनी धातूच्या बारक्या मूर्ती आणल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. राक्षस, कुऱ्हाडवाले बुटके, तीन-चार अंतराळातले सैनिक. मामा गेले, मामींनी डबा मला दिला. इतकी वर्षं तो लाकडी कपाटात होता, आता काहींवर पांढरी भुकटी निघायलीय. आई म्हणते चिंच लावून घास. सगळा रंग काढून नव्याने रंगवू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: आईंना सांगा, चिंच अजिबात नको, लिंबू नको, व्हिनेगर तर नकोच. तांब्या-पितळेला जे चालतं ते शिशाला मारक आहे. त्या काळच्या मूर्ती शिसं अन् कथलाच्या मिश्रणाच्या असायच्या, खेळातल्या अशा मूर्ती बनवणाऱ्या सिटाडेल या ब्रिटिश कंपनीने १९९७ मध्ये शिसं बंद केलं, त्याआधीच्या बहुतेक मूर्तींत ते आहेच. एखादी मूर्ती प्लास्टिकच्या बैठकीतून अलगद सुटली तर खालच्या पट्टीवर कंपनीचं नाव अन् साल कोरलेलं सापडेल बघा.

ती भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट. लाकूड अन् पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते, बंद कपाटात ती कोंडते अन् शिसं खायला लागते, एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. म्हणून आजच मूर्ती प्लास्टिकच्या डब्यात काढा. भुकटी विषारी आहे, कोरडी खरवडू नका, फुंकू तर नकाच. पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका, हात साबणाने धुवा, लेकरं लांब ठेवा. नीट वाळल्या की लगेच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारा, उघडं शिसं ठेवू नका.

आता रंगाचं. ज्यांना भुकटी नाही त्यांना हात लावू नका असं मी कळकळीने सांगेन. जाड असला तरी तो मामांच्या हातचा रंग आहे, तो परत मिळणार नाही. ज्या खराब झाल्यात तेवढ्याच, प्रायमर मारायच्या आधी, डेटॉलमध्ये, पाणी न घालता, रात्रभर ठेवा, पण आधी प्लास्टिकची बैठक काढून घ्या. सकाळी डेटॉलमध्येच ब्रश बुडवून घासा, रंग पूर्ण सुटल्यावरच पाणी लावा, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट गोळा होतो अन् तो चिलखताच्या खाचांत असा बसतो की सुईने उकरत बसावं लागतं, मी एका बुटक्याची दाढी दोन संध्याकाळी उकरलीय.

प्रश्न: उन्हाळ्यात मूर्तींवर प्रायमर खरखरीत बसतो अन् अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर: आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत प्रायमरचा स्प्रे मूर्तीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो, त्याची ती खरखर. सकाळी सहा-साडेसहाला मारा, वीतभर अंतरावरून, छोटे फटके. रंगासाठी डब्याच्या झाकणात ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा बटर पेपर, रंग त्यावर काढा, तासन्तास ओला राहतो. अन् रंगवताना कूलर तोंडावर नको, पंखा पण बंदच ठेवा.