वाचकांची पत्रं : भाषांतर मशीन करतंय, मग मी काय करू?

या महिन्यातली पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. अर्ध्या पत्रांत एआय आहे, उरलेल्यांत महागाई, आणि दोन्ही पत्रं एकाच घरातून आल्यासारखी वाटतात. काम कमी झालं की पहिली कात्री लागते ती सिनेमा-नाटकाला, मुलांच्या हौसेला. म्हणून यावेळी चार पत्रं एकत्रच घेतली.

प्रश्न : मी बारा वर्षं घरातूनच मराठी डीटीपी आणि भाषांतराचं काम करते. लग्नपत्रिका, देवस्थानाच्या उत्सवाच्या पत्रिका, वकिलांकडचे इंग्रजी कागद मराठीत करून देणं. गेल्या वर्षापासून काम निम्म्यावर आलंय. एक वकीलसाहेब आधी पानावर पैसे द्यायचे, आता एआयनं केलेलं भाषांतर व्हॉट्सॲपवर पाठवतात, म्हणतात जरा नजर टाक, आणि पैसे पाव देतात. मला वेळ मात्र जवळजवळ तेवढाच लागतो. हे काम सोडून दुसरं काही बघू का? (एक ताई, डिचोली)

उत्तर : ताई, काम सोडू नका. पण पानाचा दर सोडा, तो आता टिकणार नाही. हे तुमच्यापासून लपवून काही उपयोग नाही.

मी स्वतः म्हापशात एका छापखान्यात अकरा वर्षं काढली. गेलो तेव्हा खिळे होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. कंपोझिंगला एक काका होते, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, आणि उजवा हात 'केस'च्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणात न बघता जायचा आणि नेमका तोच खिळा घेऊन यायचा. मराठीची केस म्हणजे गंमत नव्हे, अर्धी अक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण, आणि त्या उलट्या अक्षरांची ओळ काका आपण पेपर वाचतो तशी सरळ वाचायचे. त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला शिशाचा काळा डाग होता तो साबणाने कधी गेलाच नाही. मग कॉम्प्युटर आला, लेझर प्रिंटर आला, आणि दीड वर्षात त्या सगळ्या केसा भंगारात गेल्या, शिसं किलोवर विकलं.

चार कंपोझिटर होते आमच्याकडे. काकांना मालकांनी प्रूफं वाचायला बसवलं, कारण डीटीपीवर बसलेल्या आम्हा पोरांना 'कोट्यधीश' आणि 'कोट्याधीश' सारखंच दिसायचं आणि काकांना ते चार हातांवरून खुपायचं. पण बाकी तिघांना तशी जागा मिळाली नाही. एकजण खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, पुढे ड्रायव्हर झाला, आणि २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा दुसऱ्यांदा घरी बसला. त्या वेळी ट्रक कुठल्या मशीनने बंद पाडले नव्हते, तरी घरातली चूल तशीच थंड पडते. त्यामुळे "नवीन तंत्र आलं की नवीन कामं येतातच" असं कुणी सहज म्हणून गेलं की मला त्या तिघांचे चेहरे आठवतात. येतात कामं, पण ज्याचं गेलं त्यालाच ती मिळतील असं नसतं, त्यासाठी हातपाय मारावे लागतात आणि लवकर मारावे लागतात.

आता तुमच्या वकीलसाहेबांच्या कागदाकडे येऊ. परवा मी एका ओळखीच्यांचा जमिनीचा इंग्रजी कागद एआयला मराठीत करायला दिला, नावं आणि सर्व्हे नंबर काढून. ही काळजी तुम्हीपण कटाक्षाने घ्या, अशिलाचा कागद जसाच्या तसा फुकटच्या ॲपमध्ये टाकणं म्हणजे त्याचं कपाट रस्त्यावर उघडं ठेवणं. तर मराठी छान आलं, वाक्यं गुळगुळीत, शुद्धलेखनही बरं. पण कूळ आणि मुंडकार या दोघांनाही त्याने 'भाडेकरू' करून टाकलं होतं. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आपल्याकडे मात्र कूळ म्हणजे शेत कसणारा, त्याचा कायदा १९६४ चा, आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा, त्याला घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७५ चा. भाडेकरू हा तिसराच माणूस. एका चुकीच्या शब्दावरून कुणा म्हातारीला आपला हक्कच नाही असं वाटून ती गप्प बसली तर?

हे असं का होतं तर ही मशीन आधी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त ते धरून लिहीत जाते. इंग्रजी तिने डोंगराएवढं वाचलंय, मराठी त्यामानाने ओंजळभर, आणि त्या ओंजळीत गोव्याच्या जमिनीच्या कागदांचं मराठी ते किती असणार. म्हणून ती अडली की सगळीकडे चालणारा शब्द घालते. आणि घालताना अडखळत नाही, हीच खरी भीती, कारण माणूस अडखळला की आपल्याला कळतं की इथे विचारायला हवं.

तेव्हा ताई, वकीलसाहेबांना सरळ सांगा की नजर टाकणं हे काम मी करत नाही, तपासणी करते. मूळ इंग्रजी समोर ठेवून ओळ न ओळ ताडून देणार, शेवटी तपासलं म्हणून माझं नाव आणि सही, आणि पैसे तासावर. सुरुवातीला कुरकुर होईल. पण त्यांनाही कोर्टात उभं राहायचं असतं आणि चूक निघाली तर मशीनला कुणी उभं करणार नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. एक वही घाला, कोमुनिदाद, एक-चौदाचा उतारा, खाजन, मानस, भाट, मोरड, असे आपल्याकडच्या जमिनीचे जे जे शब्द मशीन चुकवते ते लिहीत जा आणि बरोबर काय ते समोर लिहा. वर्षभरात ती वही तुमची शिदोरी होईल. एआय तुम्हीपण वापरा, कच्चा मसुदा त्याच्याकडून घेतला तर टायपिंगचे तास वाचतात, त्यात लाज कसली.

आणि देवस्थानाच्या पत्रिका हातातून सोडू नका. कुठल्या मानकऱ्याचं नाव आधी, पालखी कुठल्या रात्री, महाप्रसाद कुणाकडून, गेल्या वर्षी कुणाचं नाव राहिलं म्हणून रुसवा झाला होता, हे तुमच्या गावात तुम्हाला ठाऊक आहे आणि ते कुठेच लिहिलेलं नाही.

प्रश्न : मुलगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणतो अकाऊंट्स सगळे एआय करणार, शिकून फायदा नाही, गाडी घेऊन द्या, टुरिस्ट फिरवतो. काय सांगू? (एक वडील, फोंडा)

उत्तर : भाऊ, पोरगं अगदीच चुकीचं बोलत नाहीये. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जो अभ्यास केला त्यातही कारकुनी कामालाच सगळ्यात जास्त झळ लागणार असं आलंय. नुसती बिलं चढवायची नोकरी हे ध्येय ठेवू नये. पण २०१६ साली एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते म्हणाले होते की एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर तयार करणं आता थांबवा, पाच-दहा वर्षांत मशीन ते करेल. आज कुठल्याही हॉस्पिटलात जा, रेडिओलॉजिस्ट आहेत आणि त्यांच्यासाठी रांग आहे. एवढा मोठा माणूस चुकू शकतो तर दुसऱ्या वर्षाच्या पोराने एवढ्यात निकाल लावू नये. डिग्री पूर्ण करू दे, आणि सुट्टीत एखाद्या सीएकडे बसू दे. जीएसटीची नोटीस आली की घाबरलेला दुकानदार समोर खुर्चीवर येऊन बसतो, त्याच्याकडून खरं काय झालं ते काढून घेणं, हे एकदा त्याने बघावं. मग गाडीचं बोला.

प्रश्न : आम्ही चौघं. मिस्टर हॉटेलात, पावसात काम कमी. मॉलमध्ये सिनेमा बघायचा म्हणजे तिकिटं, पॉपकॉर्न, येण्याजाण्याचं धरून आठवड्याचा बाजार जातो. ओटीटीचे दोन रिचार्ज होते तेही बंद केले. आता मुलं दिवसभर मोबाईलवर रील बघतात, त्यातली अर्धी एआयचीच असतात, वाघ बाळाला दूध पाजतोय असलं. मुलांना काहीतरी चांगलं दाखवायचं असेल तर कमी पैशात काय करता येईल? (एक ताई, वास्को)

उत्तर : ताई, हा प्रश्न गोव्यात राहून विचारताय म्हणून उत्तर द्यायला मला खरंच आनंद होतोय, कारण आपल्याइतकं फुकटचं चांगलं बघायला मिळणारी जागा मला तरी माहीत नाही.

तुम्ही वास्कोत आहात, म्हणजे दामोदराचा भजनी सप्ताह तुमच्या दारातच. शंभर वर्षांहून जुना, श्रावणात, म्हणजे नेमका मिस्टरांचं काम कमी असतं तेव्हा. रात्री मुलांना घेऊन जा, झोपेच्या वेळा एक दिवस राहू देत. फेरीतली, म्हणजे तिथल्या दुकानांतली, खेळणी मागतील, तेवढ्याचं आधीच ठरवून जा.

दिवाळी सरली की जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की नाटक. तिकीट नाही. देवळासमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, उशिरा गेलात तर चटई नाहीतर पायरी. खाजं घ्या एक पुडी, ते रात्रभर पुरतं. मागच्या वर्षी आमच्या जवळच्या गावात नाटक बघत होतो, राजाचं काम करणारा आमचा पोस्टमन, भरदरबारात त्याची मिशी एका बाजूने सुटली. त्याने तो हात मिशीवर तसाच ठेवला आणि पुढचं सगळं भाषण मिशीला पीळ देत देत म्हटलं, इतकं रुबाबात की टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आठ वर्षांची एक मुलगी होती, ती आईला सारखी विचारत होती, हे पत्र देणारे काका ना, हे पत्र देणारे काका ना. त्या मुलीने त्या रात्री जे बघितलं ते रीलमध्ये मिळत नाही, रोज दिसणारा माणूस समोर दुसराच होऊन उभा राहतो.

वाचायची आवड असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती लायब्ररी आहे, तिची सुरुवात पोर्तुगीज काळात १८३२ ला झालेली. मुलांचा विभाग आहे. महिन्यातून एका रविवारी पणजीची ट्रिप अशी करा की आधी पणजीहून रायबंदरला जाऊन साध्या फेरीबोटीने चोडणला जाऊन यायचं, चालत चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत, घरून डब्यात पोळी-भाजी न्यायची. मुलांना बोटीचा फळका खाली पडताना बघायला जाम आवडतं. मोठा मुलगा असेल तर चवथीच्या आधी घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, शिकायला घाला, आरतीला पोरं हवीच असतात. २०१९ ला सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिलाय, पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे आता बकरीचं लावतात. आणि वाघाच्या त्या रीलबद्दल, मोबाईल हिसकावू नका, शेजारी बसून विचारा की यात खोटं कुठे दिसतंय, बोटं बघ, सावली बघ. हाही एक खेळच होतो.

प्रश्न : आमच्या मंडळाचं उत्सवी संगीत नाटक आहे. तरुण मुलं म्हणतात पार्श्वसंगीत आणि गाण्यांची साथ एआयवर करून घेऊ, ऑर्गन आणि तबल्याचं मानधन वाचेल, त्यातून लाईट चांगली घेता येईल. ज्येष्ठ मंडळी चिडली आहेत. तुमचं मत? (एक मंडळ, पेडणे)

उत्तर : माझं मत ज्येष्ठांच्या बाजूने आहे.

आपल्या लोकांना हे एकदा भोगावं लागलंय. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोंयकार, म्हणजे गोव्याचे, वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या संगीताचा मोठा भार त्यांनी उचलला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, १९२७ चा जन्म, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर माणसं एका हॉलात बसून वाजवायची. पुढे सिंथेसायझर आला, एकेकाचं वेगवेगळं रेकॉर्डिंग करायची सोय आली आणि ते हॉल रिकामे झाले. तिथे धंदा होता, पैशाचं गणित होतं, समजू शकतो. तुमच्या मांडवात कुठला धंदा आहे?

शिवाय संगीत नाटकात तयार ट्रॅक चालतच नाही. तुमचा नायक दुकानात दिवसभर उभा राहून आलेला असणार, तिसऱ्या अंकात त्याचा दम कमी पडणार. ऑर्गनवाला त्याच्या खांद्याकडे बघत असतो, श्वास घेतला की सूर सोडतो, नाही घेतला तर धरून ठेवतो, आणि वन्समोअर आला तर कुठल्या ओळीवरून उचलायचं ते डोळ्यांनीच ठरतं. ट्रॅक पुढे निघून जाईल आणि नायक मागे राहील, मग लाईट कितीही चांगली असो. तुमच्याच तालुक्यात दशावतार बघा, संहिता नाही, कथा मेकअप करता करता ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतात, पखवाज आणि पेटी त्या सुचण्याच्या मागोमाग जातात.

पण मुलांना नुसतं नाही म्हणू नका, त्यांच्या हातात काम द्या. पत्रिकेचं डिझाईन, जाहिरात, तालमीचं वेळापत्रक, जुन्या वहीतली संहिता टाईप करून स्वच्छ काढणं, हे एआयच्या मदतीने खुशाल करू दे. त्यात जे पैसे वाचतील ते लाईटला घाला. अमेरिकेत २०२३ मध्ये सिनेमा-मालिकांचे लेखक १४८ दिवस संपावर होते, तेव्हा करारात आलं की मशीनला लेखक धरायचं नाही. तुम्हीपण पत्रिकेवर साथसंगत म्हणून ऑर्गन आणि तबल्याची नावं ठळक टाका, आणि त्या दोघांना शेवटच्या दोन तालमींपुरतं नको, पहिल्या तालमीपासून बोलवा. तुमच्या मुलांपैकी एकाला ऑर्गनच्या बाजूला पानं उलटायला बसवा. पुढच्या पाच वर्षांत ऑर्गनवर कोण बसणार, हे मंडळाने आत्ताच बघायला हवंय.