पिकअप घेऊन स्पितीला: वाचकांच्या शंका, आमची उत्तरं

हिमाचलमधल्या स्पितीच्या मनाली–ग्रांफू–बातल–कुंझुम–काझा या वाटेवर स्वतःची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) पिकअप नेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न.

प्रश्न (कोल्हापूर): हौद्यावर रॅक, त्यावर तंबू, आत फ्रिज आणि पाण्याचे कॅन असा बेत आहे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबून बसतात म्हणून गॅरेजवाला त्यांच्या मदतीला हवेच्या पिशव्या लावा म्हणतो. लावू का?

उत्तर: आधी वजन, मग पिशव्या. आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) गाडीचं रिकामं वजन आणि एकूण मान्य वजन असतं. वजाबाकी करा, तेवढीच तुमची मुभा. आता बेरीज बघा: चार माणसं 280 किलो, तंबू 60, लोखंडी रॅक 40, पाणी 40, वीस लिटर डिझेल 17, फ्रिज आणि बॅटरी 40, हत्यारं-दोर-फावडं 35, कपडे-शिधा 60. झाले 572. काही पिकअपची मुभा याच्या बरीच आधी संपते.

सगळं भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर जा. एकदा पूर्ण गाडी चढवा, मग फक्त पुढची चाकं. मागच्या ॲक्सलच्याही मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंग पोकळ लागतं. पिशव्यांनी गाडी वर उचलली जाते, पण तिची वाहण्याची ताकद वाढत नाही. उलट पाटे जो भार चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) दोन टोकांना देतात, तो पिशवी मधल्या एका जागी आणते. खड्ड्यांत आपटून आपटून चासी केबिनच्या मागे वाकते ती अशीच. लोखंडी रॅक काढा आणि पाणी केबिनच्या पाठीला, तळाशी ठेवा. त्यानंतरही पाटे बसत असतील तर भाराला जुळणारा पाट्यांचा संच घाला.

प्रश्न (ठाणे): उंचीवर टायर फुगतात म्हणून मनालीतच हवा कमी करावी का?

उत्तर: नाही. उंचीवर बाहेरचा दाब घटतो म्हणून गेज जास्त दाखवतं हे खरं, पण थंडी तेच खाली आणते. ठाण्यात 30 अंशांना 35 पीएसआय भरलेला टायर साडेचार हजार मीटरवर, 5 अंशांना, 37 च्या आसपास दाखवेल. हवा सोडायची ती रस्ता बघून. ग्रांफूनंतर दगड-खडी लागली की 26 ते 28. त्याखाली गेलात तर टायरचा बाजूचा भाग फुगून बाहेर येतो आणि धारदार दगडाला सापडतो, आणि तिथली चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. मोजायचं टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी. बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. लायटरच्या सॉकेटवरचे एवढ्या मोठ्या टायरसमोर दमतात आणि फ्यूज उडवतात.

प्रश्न (नाशिक): छत्रू ते बातल दरम्यानचे नाले कसे ओलांडायचे? स्नॉर्केल लागेल का?

उत्तर: स्नॉर्केलपेक्षा (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीपेक्षा) घड्याळ कामाचं. हे पाणी वितळलेल्या बर्फाचं. ऊन चढलं की वाढतं, दुपारी-संध्याकाळी सर्वांत जोरात असतं आणि पहाटे उतरतं. त्यामुळे हा टप्पा सकाळी लवकर उरका. सप्टेंबरअखेर मात्र पहाटे दगडांवर बर्फाचा पापुद्रा असतो, तेव्हा थोडं ऊन येऊ द्या.

गाडी अलीकडे थांबवा आणि काठी घेऊन चालत बघा. पात्र पसरट तिथे पाणी उथळ, चिंचोळं तिथे खोल. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पाय ठरत नसतील तर थांबा, दुसरी गाडी गेली म्हणून घालू नका. लो रेंज (फोर बाय फोरचे कमी वेगाचे, जास्त ओढीचे गिअर) काठावरच लावा, पाण्यात नव्हे. पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये क्लच नाही, गिअर बदलणं नाही. धडाक्याने घुसलात तर पाणी बॉनेटवरून एअर इनटेकमध्ये जातं.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर टाकल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, आणि ते मिस्त्रीचं काम.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलमधला तेलात चालणारा गिअरचा गोळा) बर्फाळ पाण्यात गेला की आतली हवा आकसते. त्याचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं छिद्र) मातीने बुजलेला असेल तर डिफरन्शियल ऑइल सीलमधून पाणी ओढतो. म्हणून निघण्याआधी ब्रीदर साफ करा, त्याची नळी वर, बॉनेटखाली किंवा हौद्याच्या कडेपर्यंत नेऊन बांधा. काझ्याला पोचल्यावर डिफरन्शियलचा फिलर प्लग (तेल भरायचं बूच) उघडून बोट घाला. तेल दुधाळ दिसलं तर बदलूनच पुढे जा.

प्रश्न (पणजी): अडकलेली गाडी ओढायला टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोर बांधला तर चालतो ना?

उत्तर: मुळीच नाही. तो ट्रेलर ओढण्यासाठी आहे, झटका सोसण्यासाठी नाही; तुटला तर काचेतून आत येतो. वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी दिलेले पातळ हुकही नकोत. चासीला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढण्यासाठीचा मजबूत हुक), 4.75 टनांचा बो शॅकल (दोर अडकवायची पिनची कडी) आणि भरलेल्या गाडीच्या अडीच-तीन पट ताकदीचा दोर घ्या. तीन टनांच्या गाडीला आठ टनांचा. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, माणसं दोराच्या दीडपट लांब उभी करा. आणि ओढण्याआधी फावड्याने चाकांपुढचं उकरा. निम्म्या वेळा दोर लागतच नाही.

प्रश्न (पुणे): डिझेल गोठू नये म्हणून तिकडे रॉकेल मिसळतात. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाडीत चालेल?

उत्तर: नको. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलच पुरवतं आणि रॉकेल त्यात कमी पडतं. शिवाय बीएस-6 डिझेलात गंधक फक्त 10 पीपीएमपर्यंत असतं, रॉकेलात त्याहून कितीतरी जास्त, आणि ते एक्झॉस्टमधल्या कॅटलिस्टचा (धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा) नाश करतं. जून ते सप्टेंबर हा प्रश्न सहसा येतही नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर मैदानातलं डिझेल टाकीत कमी उरेल असं बघून वरच्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल आणलं ते याचसाठी. मनालीहून काझा सुमारे 200 किलोमीटर आणि मध्ये पंप नाही. लो गिअरमध्ये मायलेज तिसऱ्या हिश्श्याने घटेल असं धरा, आणि काझ्याचा पंप कधी कोरडा असतो हेही.