टेरेसवरचा उंच उभा कॅक्टस नक्की कोणता? ॲप तीन वेगवेगळी नावं सांगतंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकला भाड्याने घेतलेल्या घराच्या टेरेसवर आधीच्या लोकांनी ड्रममध्ये सोडून दिलेला, डोक्याच्या वर गेलेला कॅक्टस आहे, निळसर हिरवा, सहा धारांचा, फूल अजून बघितलेलं नाही, आणि मोबाईलवरचं ॲप एका फोटोला सेरेयस पेरुव्हियानस म्हणतं, दुसऱ्याला सॅन पेड्रो आणि तिसऱ्याला युफोर्बिया इन्जेन्स. तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात ती सगळ्यात कामाची आहे: काट्यांच्या बुडाशी करडी लव दिसते. त्यावरून आणि धारांच्या वर्णनावरून माझं उत्तर सेरेयस (हा कॅक्टसचा एक गट, त्यात बऱ्याच जाती येतात), याबद्दल मला फारशी शंका नाही. पण सेरेयसमधला कोणता, ते फूल आल्याशिवाय मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी लगेच मानू नका.

आधी युफोर्बिया बाद का, ते बघू. आपल्याकडे बांधावर कुंपणाला जो त्रिधारी निवडुंग असतो तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला, कॅक्टसशी त्याचं काही नातं नाही, कोरड्यात राहून राहून दोघांचं रूप सारखं झालंय एवढंच. (फड्या निवडुंग मात्र खराखुरा कॅक्टस, तो अमेरिकेतून आलेला.) फरक बघायला मोबाईलचा कॅमेरा काट्याच्या अगदी जवळ न्या. कॅक्टस असेल तर धारेवर ठराविक अंतराने एक छोटी लवदार गादी दिसेल, कोवळ्या शेंड्याकडे पांढुरकी आणि खाली जुनी होत गेली की करडी, काळपट, आणि सगळे काटे त्या एकाच गादीतून बाहेर पडलेले असतात, आखूड, लांब, एखादा मधोमध सरळ पुढे आलेला. याला अरिओल म्हणतात. फूलही तिथूनच येतं आणि फांदीही. युफोर्बिया इन्जेन्सला ही लव नसते, तिथे कडक पट्टीवर काट्यांची जोडी असते, दोनच काटे. तुमच्याकडे लव आहे, झुबक्यात काटे आहेत, म्हणजे विषय संपला. चीक येतो का बघायला ब्लेडने कापा असं बरेच जण सांगतात, ते कृपा करून करू नका, युफोर्बिया निघाला आणि त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, पाण्याने खूप वेळ धुऊन लगेच डॉक्टरकडे पळावं लागतं. लव बघून काम होत असताना एवढी जोखीम कशाला?

आता सॅन पेड्रो. हा इक्वेडोर, पेरू भागातल्या अँडीज डोंगरातला. १९२० मध्ये ब्रिटन आणि रोझ या दोन वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याचं ट्रायकोसेरेयस पचानोई असं नाव ठेवलं, पुढे १९७४ मध्ये त्याला एकिनोप्सिस या दुसऱ्या गटात टाकलं, म्हणून दोन्ही नावं दिसतात, घोळ समजू नका. त्याच्या धारा रुंद, गुबगुबीत, गोलसर असतात, काटे बऱ्याचदा इतके आखूड की लांबून खोड बिनकाट्याचं वाटतं, आणि अरिओलच्या लगेच वर धारेला व्ही आकाराची खाच असते. सेरेयसच्या धारा पातळ आणि खोल, दोन धारांच्या मधे बोट आत जाईल अशा, वरून शेंड्याकडे बघितलं तर चांदणीचा आकार. तुम्ही लिहिलंय की धारा "पत्र्यासारख्या बारीक" आहेत आणि खाच कुठे दिसत नाही. म्हणून सेरेयस. नुसत्या धारा मोजून मात्र काही ठरवू नका, एकाच झाडाच्या जुन्या खोडाला सात आणि नव्या फांदीला पाच असू शकतात, आणि सावलीत वाढलेला बारीक फिकट शेंडा तर ओळखीला अजिबात धरायचा नाही.

शेजारचे काका म्हणतात तो सग्वारो नक्कीच नाही. सग्वारो हा ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातला मोठा उंच कॅक्टस, त्याला पहिला हात, म्हणजे फांदी, फुटायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात, तुमच्या ड्रममधल्याला तर तीन फांद्या आहेत.

खरी गुंतागुंत पुढे आहे आणि मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. पेरुव्हियानस हे नाव वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या १७५३ च्या कामातून आलंय, पण आज त्या नावाखाली नेमकी कुठली जात धरायची यावर एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी ते सेरेयस रेपांडसला जोडतात, आणि रेपांडस तर कुरासाओ, अरुबा, व्हेनेझुएला या बाजूचा, पेरूचा नाहीच. नर्सरीत पेरुव्हियानस म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सेरेयस हिल्डमॅनिआनसच्या जवळचं असतं, तो दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना भागातला. त्यात ईशान्य ब्राझीलचा सेरेयस जमाकारूही दिसायला तसाच, शिवाय फांद्या तोडून लावत लावत आणि संकर होत होत जे झाड आपल्या हातात येतं त्याचं मूळ कुणालाच सांगता येत नाही. ॲप नर्सरीवाल्यांचेच फोटो बघून शिकलेलं, ते तरी काय वेगळं सांगणार! त्यामुळे कुंडीवर पाटी लावायची तर सध्या नुसतं "सेरेयस" लिहा. मला हे अर्धवट नाव वाटत नाही, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलेलं नाव पुढच्या माणसाच्या जास्त उपयोगी पडतं.

फुलासाठी भरपूर ऊन लागेल, तेव्हा ड्रम भिंतीच्या सावलीतून बाहेर काढा. कळी आली की रोज संध्याकाळी नजर ठेवा, कारण फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं, आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो त्या कॅक्टससारखंच. समोरून पांढऱ्या पाकळ्यांचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही बाजूने देठासारख्या लांब नळीचा काढा. नळी गुळगुळीत, तुरळक खवल्यांची असेल तर सेरेयस पक्का, केसाळ असेल तर माझं उत्तर चुकलं आणि तो ट्रायकोसेरेयसकडचा, म्हणजे सॅन पेड्रोच्या गटातला. सोबत शेजारी पट्टी धरून फुलाची लांबी, अरिओलचा जवळून एक आणि पूर्ण झाडाचा एक असे फोटो इथेच टाका, मी नक्की बघेन.

फळ खाता येईल का असंही विचारलंय. सेरेयसचं लाल सालीचं, आत पांढरा गर आणि काळ्या बिया असलेलं फळ खातात आणि ते गोड असतं, पण एकट्या झाडाला सहसा फळ धरत नाही, दुसऱ्या वेगळ्या झाडाचे पराग लागतात, त्याच झाडाची फांदी तोडून लावलेलं रोप त्याला चालत नाही. जवळपास कुणाकडे फुलणारा सेरेयस असेल तर त्याच रात्री ब्रशने पराग आणून लावा. खोडाचा तुकडा मात्र चाखून बघू नका, सॅन पेड्रोमध्ये मेस्कॅलिन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं आणि फूल बघेपर्यंत ती शक्यता मी पूर्ण पुसलेली नाही.