आरएक्स हंड्रेडचं पहिलं पोर्टिंग

भो, यामाहाच्या या टू-स्ट्रोक गाडीचं पोर्टिंग म्हणजे सिलिंडरमधली वायू ये-जा करायची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून सुधारणं. त्यासाठी ग्राइंडर लगेच उचलू नको. आधी ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, आत कागद चिकटून बसेल असा लाव, वरून पेन्सिल घास; पोर्टांच्या कडा जशाच्या तशा उमटतील. हा कागद जपून ठेव.

पहिल्या वेळी फक्त ओतकामाचा खडबडीतपणा काढ आणि ट्रान्स्फर पोर्ट (खालून ताजं मिश्रण वर आणणारे) ब्लॉकखालच्या गॅस्केटशी जुळव. एक्झॉस्ट पोर्टची (धूर बाहेर जायच्या भोकाची) उंची वाढवू नको! सगळे तिथेच घाई करतात, मग खालचा पिकअप, म्हणजे कमी आरपीएमवरची ओढ, जातो. शेवटी कडा हलक्या गोल कर, नाहीतर पिस्टनची रिंग अडकून तुटते.

जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं माप, पुन्हा बघावंच लागेल. जळगावच्या मे महिन्यात बरोबर बसलेलं जेट डिसेंबरच्या थंड, दाट हवेत कमी पडतं, पेट्रोल कमी मिळून इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. रीड (मिश्रण आत घेणारी झडप), सायलेन्सर वगैरे नंतर बघू.